पाळलेला मासा वहाळात सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र वाचलं. त्यांच्या पुतण्यानं घरामागच्या पऱ्ह्यातून, म्हणजे लहान ओढ्यातून, दांडवण नावाचे मासे पकडून आणले आणि काचेच्या टाकीत ठेवले. दोन महिन्यांनी घरच्यांनी त्याला समज दिली आणि टाकीतले सगळे मासे, बाजारातून आणलेल्या गप्पींसकट, पऱ्ह्यात सोडून दिले. रानातला जीव कोंडणं हे पाप आणि सोडणं हे पुण्य, असं त्या पत्राचं म्हणणं. मला त्या मुलाबद्दल वाईट वाटलं. त्यानं केलं त्यात फारसं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते मोठ्यांनी शेवटी केलं त्यात, आणि त्याचंच घरात कौतुक झालं.

मी मूळची कुडाळकडची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते. आमच्याकडे पऱ्ह्याला वहाळ म्हणतात. मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात शिरले की कंदील घेऊन बाहेर पडणाऱ्या घरातली मी. त्यामुळे मासा पकडणं हीच क्रूरता, असं मला कधी वाटलं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं टाकीचा हट्ट धरला तेव्हा मी त्याला दुकानात नेलं नाही, घरापासून दहा मिनिटांवरच्या तळ्यावर नेलं.

त्या तळ्यात सनफिश असतात. समुद्रातला तो गाडीच्या चाकासारखा अवाढव्य सनफिश नव्हे. हे उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातले, तळहातात मावणारे, चपटे मासे. इथली पोरं त्यांना ‘सनी’ म्हणतात. आम्ही आणला तो पम्पकिनसीड, म्हणजे भोपळ्याची बी. तेव्हा दोन इंचांचा होता, आता सहा इंच भरेल. पोट पिवळंधमक नारिंगी, गालावर निळ्या नागमोडी रेघा, आणि कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका, त्याच्या कडेला कुंकवाची चंद्रकोर लावावी तसा लाल डाग. दुकानात इतका देखणा मासा मी पाहिलेला नाही.

पण घरी आणला म्हणजे झालं, असं नसतं. पहिले सहा दिवस त्यानं काही खाल्लं नाही. दुकानातलं कोरडं खाद्य त्याच्या लेखी अन्नच नव्हतं. सातव्या दिवशी बागेतलं गांडूळ चिमटीत धरून टाकीत सोडलं तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. त्याच्या परांवर बारीक काळे ठिपके होते. ती एका परजीवीची पिल्लं. त्या किड्याचं जीवनचक्र गोगलगाय, मासा आणि मासे खाणारा पक्षी असं फिरतं. घरात बगळा नाही, खंड्या नाही, त्यामुळे तो टाकीत वाढत नाही. पण इतर किडे वाढतात, म्हणून नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावाच लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषधाचे थेंब टाकून मारावं लागतं, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं, परीक्षा असो की पाहुणे असोत.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एकट्याला करमणार नाही असं मला वाटलं आणि आम्ही एकदम दोन मासे आणले. दोनशे लिटरची टाकी दोघांना पुष्कळ होईल, असा माझा हिशेब होता. सनफिशला आपली हद्द लागते, हे मी आधी वाचायला हवं होतं. दुसऱ्या महिन्यात थोरल्यानं धाकट्याला कोपऱ्यात रेटलं. त्याची शेपटी फाटून चिंध्या झाल्या. वेगळं करायचं म्हणून आम्ही दुसरी टाकी शोधत राहिलो आणि तोवर तो मेला. मुलानं त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. हे मी लपवत नाही, कारण रानातला मासा पाळण्यावर जो आक्षेप आहे त्यातलं खरं तेवढं इथे आहे. ज्याला त्या माशाची गरज कळलेली नाही त्यानं तो आणू नये.

आता त्याच्याकडून मिळालं काय ते सांगते. टाकीत आम्ही तळ्यातल्याच गोगलगायी घालतो. पम्पकिनसीडच्या घशात चपटे, भक्कम दात असतात, खास शंख फोडायला. तो गोगलगाय तोंडात घेतो, क्षणभर थांबतो, आणि काचेबाहेरसुद्धा बारीक ‘कट्’ ऐकू येतं. मग शंखाचे तुकडे तोंडातून एकेक करून गळतात. मे महिना संपत आला की तो शेपटीनं वाळू उडवून ताटाएवढा खळगा करतो आणि मादी नसतानाही त्यावर पहारा देतो. माझ्या मुलानं तळ्याच्या काठावर तसेच खळगे ओळखले, एका ओळीत सतरा मोजले. त्यानंतर तो त्या कडेनं पाण्यात दगड टाकत नाही आणि मित्रांनाही टाकू देत नाही. इतक्या वर्षांत मला जे सांगून जमलं नसतं ते त्या एका माशानं केलं.

यात नियमही पाळावे लागतात. इथे १६ वर्षांखालच्या मुलाला मासेमारीचा परवाना लागत नाही, मला लागतो. ग्रीन सनफिश आणि वॉरमाउथ हे त्याच कुळातले मासे न्यू जर्सीत जिवंत बाळगायलाच बंदी आहे, कारण ते इथले नव्हेत. ब्लूगिल हाही एक सनफिशच, इलिनॉयचा राज्यमासा, अस्सल अमेरिकन, पण न्यू जर्सीच्या पाण्यात तोही माणसानं आणून सोडलेला. स्थानिक म्हणजे देशाचा नव्हे, त्या नदीचा, हे मला इथे कळलं. दक्षिण न्यू जर्सीत पाइन बॅरन्स नावाचं जंगल आहे, तिथलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि आंबट. त्यात काळ्या पट्ट्यांचा इवलासा सनफिश राहतो, ब्लॅकबँडेड. व्हर्जिनियात तो संकटग्रस्त ठरलेला आहे. तो पाहायला आम्ही तिकडे गेलो, जाळं मात्र गाडीतच ठेवलं. मुलाला ते जड गेलं, पण त्यानं ऐकलं. कोणता मासा आणायचा नाही हे ज्याला सांगता येतं त्यानंच एखादा आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि विकण्यासाठी तर नाहीच. केरळातल्या नद्यांतला लाल रेघेचा सुंदर मासा, ज्याला बाजारात ‘मिस केरळ’ म्हणतात, परदेशी टाक्यांसाठी इतका उपसला गेला की तो आज संकटग्रस्त आहे. एका मुलानं एक मासा आणणं आणि व्यापाऱ्यानं डोह उपसणं या दोन गोष्टी एका मापानं मोजू नयेत.

मुख्य मुद्दा आहे तो सोडून देण्याचा. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेत आले असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. खाण्यासाठी वाढवता येतील या चांगल्या हेतूनं ते मासे जपानमध्ये संशोधन केंद्राकडे दिले गेले. तिथून ते पाण्यात पसरले आणि बिवा सरोवरातल्या मूळ माशांच्या मुळावर आले. २००७ मध्ये सम्राट असताना अकिहितोंनी या गोष्टीची जाहीर खंत व्यक्त केली. आणि माझ्या टाकीतला हाच पम्पकिनसीड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचा म्हणून युरोपात गेला आणि तिथल्या नद्यांत शिरला. २०१९ पासून तो युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. माझ्या तळ्यात जो घरचा आहे, तोच तिथे उपरा ठरला.

आपल्याकडेही हे घडलेलंच आहे. चिलापी (तिलापिया) हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आज उजनी धरणाच्या काठच्या मुलाला ती इथली नव्हे हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. शोभेच्या टाकीतला सकर मासाही उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात येतो. तो कोणी मुद्दाम वाईट हेतूनं सोडला असेल असं मला वाटत नाही. टाकीत मावेना, मारवेना, म्हणून कुणीतरी हात जोडून सोडला असेल. देवळाच्या तळ्यात कासव सोडणारा, विहिरीत मासे सोडणारा आपला समाज आहे. त्या भावनेचा मी अनादर करत नाही, पण पाण्यात गेलेलं परत काढता येत नाही.

कुणी म्हणेल, दांडवण तर त्याच पऱ्ह्यातली होती, ती परत सोडली तर बिघडलं काय? बिघडतं. ती दोन महिने बाजारातल्या माशांबरोबर एका पाण्यात राहिली. त्या माशांचे रोग, किडे तिच्या अंगावर बसलेले असू शकतात, आणि ते पऱ्ह्यातल्या बाकीच्या दांडवणींना नवे असतात. म्हणून आमच्या घरचा नियम असा आहे की तळ्यातून टाकीत मासा येतो, टाकीतून तळ्यात कधीही नाही. टाकीचं घाण पाणीसुद्धा आम्ही कुंड्यांना घालतो, नाल्यात ओतत नाही. मासा आवरेनासा झाला तर जवळच्या एका निसर्ग केंद्राला मी आधीच विचारून ठेवलं आहे, ते घ्यायला तयार आहेत.

राहिल्या त्या गप्पी. आरोग्य खातं डासांसाठी गप्पी टाक्यांत आणि बंदिस्त डबक्यांत सोडतं, पण वाहत्या पऱ्ह्याचं तसं नाही. पत्रलेखक काकांना माझी कळकळीची विनंती आहे. आता एप्रिल आहे. कोकणात या दिवसांत पऱ्ह्याची धार तुटते आणि कोंडीकोंडीत, म्हणजे खोलगट डबक्यांत, तेवढं पाणी उरतं. गप्पी काठाला, उथळ पाण्यात, वरच्या थरात फिरतात. पुतण्याला बरोबर घ्या, जुनं धोतर दोघांनी दोन टोकांना धरा आणि सकाळच्या वेळी काठाकाठानं गाळा. दांडवण लांबट असते, तिच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ असते. ती आली तर त्याच कोंडीत सोडा, गप्पी आली तर बादलीत ठेवा. एका दिवसात होणार नाही, आठवडाभर जावं लागेल. पण हे मृगाच्या आत व्हायला हवं, कारण एकदा पऱ्ह्या वाहू लागला की त्या गप्पी खालच्या नदीत गेलेल्या असतील.

आपली,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी