हिप रिप्लेसमेंट झालं, पण व्यायाम कोण घेणार?

मा. संपादक,
आमच्या आईचं मे महिन्यात कोल्हापूरला हिप रिप्लेसमेंट, म्हणजे खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन, झालं. ऑपरेशनबद्दल काही तक्रार नाही, दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभी केली, पाचव्या दिवशी घरी. निघताना हातात इंग्रजीतला एक कागद आणि "जवळच्या फिजिओकडे जात रहा" एवढंच. आम्ही देवगड तालुक्यातले, आमचा जवळचा फिजिओ, म्हणजे व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट, एसटीने दीड तासावर, आणि एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते ते काय सांगायचं, ती चढता आली असती तर फिजिओ हवा होता कशाला!

कागदावर होतं, खाली बसू नका, मांडी घालू नका, पायावर पाय नको, कंबरेतून ९० अंशापेक्षा जास्त वाकू नका, नाहीतर सांधा निखळू शकतो. आता आमच्याकडे विळी जमिनीवर, जेवण पाटावर, संडास उकिडवं बसायचा. आई म्हणते, "माका काय झालाहा, मी बसतंय खाली." तिला ९० अंश कसे समजावणार? शेवटी मुंबईच्या भाचीने व्हिडिओ कॉलवर एका फिजिओशी बोलणं करून दिलं तेव्हा कळलं की खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. मग खुर्चीखाली फळ्या ठोकल्या आणि कमोडची खुर्ची आणली. जांभ्याच्या पायऱ्यांना पण नियम आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पावसात शेवाळ धरतं म्हणून पायऱ्या रोज खराट्याने घासायच्या, ते माझं काम.

चालताना आई एका बाजूला झुकायची, आम्हाला वाटलं पाय आखूड झाला. तर कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमजोर होता, खिडकीचे गज धरून पाय बाजूला उचलायचा व्यायाम रोज घेतला तसा फरक पडत गेला. हेच पहिल्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर?

ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओ बसवा आणि तो कागद मराठीत द्या, चित्रं काढून, एवढीच मागणी. नाहीतर गावात मालिशवाले आहेतच, तेल लावून पाय ओढून "मोकळा" करून देणारे. एकाला आम्ही जूनमध्ये दारातूनच परत पाठवला. गणपतीत आईने टेबलाशी बसून मोदक वळले, तेव्हा तो दर्शनाला आला होता, परत विचारून गेला.

- एक वाचक, देवगड तालुका