नाव कुणाचं घालायचं?

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत. तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील, रागाव. पण एक गोष्ट डोक्यात घोळतेय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही.

मुलीकडे गेलो होतो तेव्हा न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची ती सूपच्या डब्यांची चित्रं पाहिली. सगळी ३२. ज्यांच्यावरून तू कॅन्टीनमध्ये ताटावरून उठला होतास, तीच. ‘छापलंय सगळं, यात हात कुठाय?’ म्हणून ओरडायचास. अरे, १९६२चे ते डबे हाताने रंगवलेत! तळाशी फुलांची नक्षी आहे ना, तीही हाताने ठसे मारून काढलीय. मी इतका वाकून पाहत होतो की रखवालदाराने मागे सरकायला लावलं. म्हणजे पैज मी जिंकलो. मिसळ तुझ्याकडे लागू.

आपली ती जाळीच्या कापडातून शाई ओढायची छपाई त्याने त्याच वर्षी सुरू केली. ऑगस्टमध्ये नटी मेरिलिन मन्रो गेली आणि तिच्या एका जाहिरातीच्या फोटोवरून त्याने ५० चेहरे काढले, डावीकडे भडक रंगात, उजवीकडे नुसते काळे. त्या काळ्यांतले काही बरबटलेत, काही विरत विरत जवळजवळ नाहीसे झालेत. तू बघितलंस तर लगेच म्हणशील, शाई संपत आली, कापड चोंदलं. लग्नपत्रिकांचे असले कागद निघाले की छापखान्यात अण्णा कसे अंगावर यायचे! वॉरहॉलने ते तसेच ठेवले, आणि ती बाई गेली हे त्या विरण्यातच दिसतं. मला तर गलबलून आलं.

पण मला छळतंय ते वेगळंच. १९६३मध्ये त्याच्याकडे जेरार्ड मालांगा नावाचा तरुण कवी कामाला लागला, तासाला सव्वा डॉलर. नेकटायच्या कापडाची छपाई केलेला, म्हणजे हात तयार. मोठी फ्रेम एकट्याला आवरत नाही, तुला सांगायला नकोच. दोघांनी मिळून स्क्वीजीची रबरी पट्टी ओढायची, आपण बॅनर काढायचो तशी. नाव मात्र वॉरहॉलचं. पुढे १९६४मध्ये ब्रिलोच्या साबणघाशांची खोकी केली. सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या आणि त्यांवर छपाई. मूळ खोक्याचं डिझाइन जेम्स हार्वेचं. तोही चित्रकारच, पोटासाठी खोकी आखणारा. तो ते प्रदर्शन बघायला गेला होता! त्याला तिथे काय वाटलं असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

कारण माझ्याकडे आता तेच चाललंय. काडेपेट्यांच्या चित्रांची मालिका पुरी होत आली. मूळ लेबलं कुणी काढली, कुठेच नोंद नाही. माझा खांदा धरल्यापासून स्क्वीजी ओढतोय हाताखालचा आपला पोरगा, तू मागे ज्याला पेनं दिलीस तो. लाल किती पातळ करायचा हे आता तोच ठरवतो, आणि माझ्यापेक्षा बरं ठरवतो. मला वाटतं प्रत्येक चित्रामागे माझ्या सहीशेजारी त्याचं नाव हवं. गॅलरीवाले म्हणतात, दोन नावं आली की भाव पडतो. घरातही हेच मत. पोरगा म्हणतो, ‘काका, राहू द्या.’ त्याच्या त्या ‘राहू द्या’चाच मला जास्त त्रास होतो. अण्णांच्या बॅनरवर आपलं नाव कधी आलं नाही, तेव्हा तू आठवडाभर बोलला नव्हतास. मी हसलो होतो, पण पटलं मलाही होतं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घ्या. धाकटीला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला.

चित्रं येत्या सोमवारी फ्रेमिंगला जाणार, मग मागची बाजू बंद होईल. त्याआधी फोन कर. गॅलरीवाल्यांशी मी भांडेन, पण पोराची समजूत तूच काढ, तुझं तो ऐकतो.

तुझा,
नंदू