सतरा वर्षांच्या पोराची सही चालत नाही, हे दुकानदारांना कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या अशोक चौक भागात कामाला लागलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं मोबाइल हप्त्यावर घेतात आणि मग घरच्यांच्या मागं वसुलीवाले लागतात, त्याबद्दल लिहायचं होतं. गल्लीतल्या एका पोराचा फॉर्म मी स्वतः बघितला. सगळा इंग्रजीत, खाली पोराची मराठीत सही, जन्मतारखेच्या चौकटीत आधारवरचीच तारीख, म्हणजे पोरगं अठराचं नाही हे भरणाऱ्याला ढळढळीत दिसत होतं, आणि पालकाची सही पाहिजे तिथं नुसती रेघ. हप्ते थकले तसे वसुलीवाले दारात. आई विड्या वळते, मांडीवरचं सूप खाली ठेवून ती हात जोडत होती आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होते, "सही केलीय ना, मग भरायला लागतंय, नाहीतर पोलिसात देतो." बिचारी कानातलं मोडायला निघाली होती.

आता कायदा काय म्हणतो बघा. 1872 चा भारतीय करार कायदा, कलम 11, करार करायला माणूस सज्ञान पाहिजे आणि त्याची बुद्धी ठिकाणावर पाहिजे. सज्ञान म्हणजे 18 पूर्ण. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात साफ सांगितलं की अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, मुलाने केलेला करार पहिल्यापासूनच रद्द. कलकत्त्याच्या एका सावकाराने मुलाची मालमत्ता गहाण लिहून घेतली होती, मुलगा अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला माहीत होतं, तरी पैसे दिले आणि शेवटी कोर्टात हात हलवत परतला. म्हणजे आज 100 वर्षं होऊन गेली या गोष्टीला, आणि आमच्याकडे अजून "सही केली म्हणजे झालं"!

याचा अर्थ पोरांनी फुकट मोबाइल वापरावा असं मी अजिबात म्हणत नाही. वस्तू हातात असेल तर परत करायला कोर्ट सांगू शकतं. अन्न, कपडा, औषधपाणी, शिक्षण अशा गरजेच्या गोष्टी कुणी पुरवल्या असतील तर कलम 68 प्रमाणे मुलाच्या मालमत्तेतून तो वसूल करू शकतो, पण मुलावर वैयक्तिक बोजा नाही. आणि आईबापांनी एक नीट लक्षात घ्यावं, तुम्ही स्वतः कर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली तर मग तुम्ही बांधील, तिथं पोराचं वय कामाला येत नाही.

तीच गत म्हाताऱ्या माणसांची. लकवा मारलेला, विसरभोळेपणात पोटच्या पोरांना न ओळखणारा माणूस, आणि त्याचा अंगठा धरून विसार पावतीवर उठवायचा! कलम 12 सांगतं की करार करताना त्या माणसाला व्यवहार कळला पाहिजे आणि आपलं हित-नुकसान ठरवता आलं पाहिजे. वय झालं म्हणून कुणी नालायक ठरत नाही, नव्वदीतली माणसंही खणखणीत असतात, आणि आजारी माणूससुद्धा ज्या वेळी शुद्धीत, समजून आहे त्या वेळी करार करू शकतो. प्रश्न सही-अंगठ्याच्या त्या घटकेचा आहे. अंगठा उठवताना तिथं कोण कोण होतं आणि डॉक्टरांचे कागद काय सांगतात, हे जपून ठेवा.

माझी विनंती एवढीच की मोफत कायद्याची मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने विडी घरकुलात, एमआयडीसीत जाऊन हे मराठीत आणि तेलुगूतही समजावून सांगावं, आणि आपल्या पेपरने ते छापावं. बायका, मुलं आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तर आमच्या भागात कित्येकांच्या गावीही नाही.

हे पत्र घाईने लिहायचं कारण, तो पोरगा लवकरच अठराचा होतोय आणि आता एजंट म्हणतोय की वाढदिवस झाला की ये, जुन्याच कर्जाच्या नवीन कागदावर सही कर. अज्ञान असताना केलेला करार नंतर मंजुरी देऊन जिवंत होत नाही. तेव्हा अशा कागदावर सही करायच्या आधी पोरांनी तो घेऊन सरळ जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा ऑफिसात जावं.

एक वाचक, अशोक चौक, सोलापूर