पंपिंग किती आलं ते कळव

प्रिय मनू,

काल तू मधेच फोन ठेवलास, त्याचा राग नाही. इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, पुन्हा विचारायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

केमो संपली, केसही यायला लागले, मग दर तीन महिन्यांनी छातीवर जेल फासून कशाला पडायचं, असं तुझं म्हणणं. तुझं आता चालू असलेलं कॅन्सरचं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, केमोसारखं नाही, हे खरंच. केमो भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींच्या मागे लागते, म्हणून केस जातात. तुझ्या गाठीच्या पेशींवर हर-टू रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप आत पोचवणारी प्रथिनं, नको तेवढे झाले होते. ते जोडीजोडीने चिकटले की आत ‘वाढ, वाढ’ असा निरोप जातो, आणि एवढी गर्दी असली की तो थांबतच नाही. ट्रॅस्टुझुमॅब ही अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या लक्ष्यालाच चिकटणारं प्रथिन; ती रिसेप्टरला पेशीच्या बाहेरूनच धरते, निरोप तोडते, वर प्रतिकारशक्तीच्या पेशींना तिथं बोलावते. काही गोळ्या असतात, त्या आत शिरून तोच निरोप आतल्या टोकाला अडवतात. १९९८ साली अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबला पहिली मान्यता मिळाली. मोठ्या आत्याच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. जाऊ दे.

पण मनू, हाच रिसेप्टर हृदयाच्या स्नायूलाही लागतो, ताण पडला की सावरायला. म्हणून इको. हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त ढकलायची ताकद, उतरलेलं वेळेत दिसलं तर डोस थांबवतात आणि बहुतेकांचं परत वर येतं. मला काही होत नाही, जिने चढते, असं तू म्हणतेस. अगं, धाप लागायच्या आधीच ते इकोत दिसतं!

बघ, झाला तास सुरू. फळ्याची खोड जात नाही, माफ कर.

पाचवीत शर्यतीत पडलीस, गुडघा फुटला, मोजा रक्ताने चिकटला होता. मी तो सोडवत होतो आणि तू विचारत होतीस, “बाबा, कितवी आले?” दुसरी आली होतीस. दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस. आता डोस घेऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातेस, हे मी येईल त्याला सांगतो. आई ओरडते, दृष्ट लागेल म्हणून.

पुढचा डोस मंगळवारी ना? मग सोमवारची वेळ घे. मी येऊ का? आई म्हणते, विचारलंस तर चिडेल. बाहेर बाकावर बसेन, डॉक्टरांना एकही प्रश्न विचारणार नाही.

तुझा,
बाबा