बाबूचं कर्ज तू फेडू नकोस

शिरोडा, जि. सिंधुदुर्ग

चि. सौ. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून बाबांचं एकच चाललंय, "पोरगी भावाचं कर्ज फेडायला आपणहून पैसे देते म्हणते, तर घेऊया की." मी नाही म्हटलं. फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. एफडी मोडू नकोस. बाबूचं कर्ज बाबूच फेडील, आणि दारू सोडायचे उपचार चालू असताना इतक्यात तो मुंबईलाही येणार नाही.

मोबाइलच्या अ‍ॅपवरून काढलेलं, ज्याचं व्याज रोज फुगत होतं, ते कर्ज त्यानं बुलेट विकून मिटवलं. उरले ते मित्रांचे, दुकानदारांचे. ते त्यानं वहीत लिहून काढलेत. काकांकडून मजुरी मिळाली की एकेकाच्या दारात जाऊन देऊन येतो. बाबा म्हणाले, मी नेऊन देतो, त्याला कशाला लाज? मी त्यांना अडवलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या, बारा पायऱ्या आहेत ना, त्यातली आठवी म्हणजे आपण ज्यांना दुखावलं, नुकसान केलं त्यांची यादी करायची, आणि नववी म्हणजे कुणाला इजा होणार नाही अशा रीतीनं त्याची भरपाई करायची. तू एका दिवसात सगळे पैसे टाकलेस तर त्याच्या या दोन्ही पायऱ्या तूच चढून मोकळी होशील. मग त्यानं काय करायचं?

काकांच्या नर्सरीत सध्या काजूची कलमं बांधायचं काम जोरात आहे. वेंगुर्ला-४ आणि ७ या जातींना मागणी असते. पहिल्या आठवड्यात त्याच्या बोटांना कंप होता, पात्याची भीती वाटायची मला. काका मात्र म्हणाले, "हात थरथरता तुझो, पण गाठ बरी बसता." मी इतक्या वर्षांच्या मास्तरकीत कुणाला इतकं नेमकं शाबासकीचं वाक्य बोलले नसेन.

तू म्हणालीस, गावात राहून तो बिघडेल, इथे गोवा जवळ. खरं आहे. आपल्याकडे कडक दारूला कायद्यानं २५ वर्षं पुरी लागतात, आरोंद्याचा पूल ओलांडून गोव्यात गेलं की १८. त्याला सुरुवात तिथेच झाली. पण मुंबईत काय कमी आहे? तिथे पगाराची तारीख, शुक्रवारची रात्र आणि तेच रूमवरचे मित्र. इथे निदान धोका कधी येणार ते आधी कळतं. मार्च-एप्रिलला बोंडू पिकले की सगळ्या बागेत तो वास भरतो आणि पलीकडून उर्राक, ती बोंडूची दारू, यायला लागते. बाबूनं स्वतःच सांगितलं, "आई, बोंडवाच्या वासाचा मला ट्रिगर आहे." म्हणून त्या दोन महिन्यांत तो बागेत जाणार नाही, रोपवाटिकेचा हिशेब बघेल, हे काकांशी आत्ताच ठरवून ठेवलंय.

पुन्हा प्याला तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तुझ्या मनात आहे हे मला कळतं. अमेरिकेतली नायडा ही सरकारी संशोधन संस्था सांगते की उपचार घेतलेल्या शंभरांतले ४० ते ६० जण पुन्हा घसरतात, आणि बीपी, दम्याच्या रोग्यांतही आजार असाच उलटतो. बीपी वाढलं म्हणून आपण बाबांना घराबाहेर काढलं नव्हतं, डॉक्टरकडे नेलं होतं. स्लिप झाली तर त्याच दिवशी समुपदेशकाला फोन, एवढं तिघांत ठरलंय. मात्र घरात कोंडून दारू तोडायची नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, जिवावर बेतू शकतं.

मावशीनं पेपरातली जाहिरात कापून पाठवलीय, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा", चहातून पूड द्यायची म्हणे. तिला तूच समजाव, माझं ऐकत नाही. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्याला तर उलट्या होतात, बीपी कोसळतं, प्रसंगी मरतोही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याला सांगूनच द्यायचं असतं. मावशीनं देवाला गाऱ्हाणं घातलंय, ते मात्र चालेल.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून तो आला तेव्हा तू विचारलं होतंस की ३५ दिवसांत बरा कसा होईल. बरा होऊन नाही आला गो, शिकून आलाय. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं ती जागा उभी केली; तिथे घरच्यांनाही बसवून शिकवतात. माझ्या पदरात एवढं पडलं की त्याचं तोंड हुंगायचं नाही, खिसे चाचपायचे नाहीत, आणि त्याच्या वतीनं कुणाला खोटं सांगायचं नाही. तिसरं सगळ्यात अवघड. शेजारी विचारतात, "बाबू गावाक कसो?" मी सांगते, दारू सोडायचे उपचार चाललेत. पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

आता गणपतीचं. जावईबापूंना माझ्याऐवजी तू सांग. दरवर्षी भजन झालं की मागच्या पडवीत पत्ते आणि बाटली बसते, ती यंदा बसणार नाही. चाकरमानी नाराज झाले तर होऊ देत, उसळ-पाव भरपूर करीन. बाबूकडे गणपतीवरची माटवी बांधायचं काम दिलंय, त्याला बाजूला बसवून ठेवायचं नाही, आणि येता-जाता "कसं वाटतंय?" असंही विचारायचं नाही.

तुझ्या शेजारच्या बाईंना त्यांच्या मुलासाठी नंबर हवा होता. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस, १४४१६. आईनं फोन केला तरी चालतो, मुलगा तयार व्हायची वाट बघायला नको.

तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट निघालं की कळव. सावंतवाडीला बाबा येतील न्यायला. ती बाबूची फोनवरच्या मीटिंगची वेळ आहे, आणि तुझ्यासाठीसुद्धा ती चुकवायची नाही असं त्यानं मला बजावून ठेवलंय.

तुझी,
आई