टीव्हीमागचे बटण बाहेर आणा

माननीय संपादक,

वीज वाचवायचा विषय निघाला की सगळे मोबाइलच्या चार्जरवर घसरतात. रिकामा चार्जर अर्धा वॅटसुद्धा खात नाही. फोंडा परिसरात वायरिंगची कामे करताना मला घरोघरी भेटणारा खरा खादाड म्हणजे सेट-टॉप बॉक्स. रिमोटने बंद केला की नुसता दिवा लाल होतो. बरेचसे बॉक्स, विशेषतः जुने, आतून चालूच राहतात आणि जवळजवळ तेवढीच वीज ओढतात. पहाटे हात लावून बघा, कोमट लागेल. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटे झाली. एसी बंद असताना चालू राहिलेला स्टॅबिलायझर वेगळाच.

खात्री करायची तर फ्रिज, पंखे, दिवे, इन्व्हर्टर बंद करून मीटरकडे जा. त्यावरचा बारीक लाल दिवा एका युनिटमागे किती वेळा लुकलुकतो ते पाटीवर लिहिलेले असते. ३२०० असेल आणि दर ४५ सेकंदांनी दिवा लुकलुकत असेल, तर ‘सगळे बंद’ असलेले घर २५ वॅट खात आहे, म्हणजे महिन्याला १८ युनिटे.

लोकांना हे कळत नाही असे नाही. बटण सापडत नाही! हल्ली पॉइंट टीव्हीच्या किंवा शोकेसच्या मागे दडवतात. भिंत देखणी दिसते, पण रोज रात्री तिथे हात कोण घालणार? पावसाआधी गडगडू लागले की मात्र सगळे घर प्लग काढायला शोकेसमागे शिरते.

चवथीआधी घरोघरी रंगकाम निघते. तेव्हाच त्या पॉइंटचा स्विच समोरच्या बोर्डावर घ्यावा. भिंत फोडायची नसेल तर केसिंग पट्टीतून वायर आणता येते. (यात आम्हा वायरमनांना काम मिळते, हे खरेच आहे.) तेही नको असेल तर स्विचचा एक्स्टेन्शन बोर्ड हाताशी ठेवावा. नवे फ्लॅट बांधणाऱ्यांनी तर नकाशातच ही सोय करावी, नंतर खर्च नको. राउटरचा पॉइंट तेवढा वेगळा ठेवा, नाहीतर वायफाय गेले म्हणून पोरे ते बटण कायमचे चालू करून ठेवतील.

आपला,
एक वायरमन, फोंडा