बायबल मिटून भाकरी वाढणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

आई गेली त्याला पाच आठवडे झाले. दफनविधीच्या वेळी तुम्ही सगळ्यांच्या मागे उभ्या होतात आणि मी तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच रिक्षा करून निघून गेलात. त्यामुळे बोलायचे ते राहून गेले. समोर बोललो असतो तर ‘असू दे रे’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता, हेही मला ठाऊक आहे; म्हणून हे उघड पत्र. तुमचे नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. पण नगरच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीत ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, आणि काहींनी तर ओळखावेच अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो बुधवार होता. आईच्या स्मृतिभ्रंशाचे ते तिसरे वर्ष होते. ती रात्रभर जागी राही, मला परका माणूस समजून दाराबाहेर जायला सांगे आणि पहाटे माझ्याच नावाने हाका मारी. पत्नी नोकरीसाठी नाशिकला, त्यामुळे आठवड्यातल्या पाच रात्री मी एकटाच असे. त्या संध्याकाळी मी बायबल उघडून बसलो होतो, परंतु तासाभरात एक ओळही डोक्यात शिरली नव्हती. तुम्ही दारात दिसलात तेव्हा सवयीने मी म्हणालो, ‘मावशी, प्रार्थना करा.’ तुम्ही माझ्याकडे पाहिले, खोलीकडे पाहिले, आणि माझ्या समोरचे बायबल माझ्या चष्म्यासकट अलगद मिटून कपाटावर ठेवले. मग त्याच जागी डबा उघडलात. ज्वारीची भाकरी, पिठले आणि थोडा खर्डा. ‘आधी जेव. मग झोप. आईजवळ मी बसते. प्रार्थना कुठे पळून जात नाही.’

त्यानंतर तुम्ही आमच्यासाठी जे केलेत त्याची यादी फार मोठी आहे, परंतु मला पुन्हा पुन्हा आठवते ते पुस्तक मिटणारा तुमचा हात. तुमच्या आई बायबलबाई म्हणून, बायांना बायबल वाचून दाखवत, गावोगाव पायी फिरल्या. त्या घरातल्या बाईने बायबल मिटावे, आणि बायबलातली गोष्ट मला त्याच क्षणी पहिल्यांदा नीट कळावी! सकाळी दहाला तुम्ही मला उठवलेत, दुधात कुस्करलेली भाकरी दिलीत आणि पुन्हा झोपायला लावलेत. तोवर आईची वेणी घातलेली होती आणि ती खिडकीशी बसून जुने भजन गुणगुणत होती.

आठवड्याभराने मी विचारले, ‘त्या दिवशी प्रार्थना का केली नाहीत?’ तुम्ही म्हणालात, ‘पहिले राजे, एकोणिसावा अध्याय, चौथ्या वचनापासून आठव्यापर्यंत वाच. पुढे जाऊ नकोस.’

मी संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, 22 वर्षे शिकवतो. त्या वचनांतला संदेष्टा एलीया हा माझा हातखंडा विषय. कर्मेल डोंगर, बाल या दैवताचे 450 संदेष्टे, 12 दगडांची वेदी, तिच्यावर तीनदा ओतलेले चार-चार घागरी पाणी आणि मग आकाशातून पडलेला अग्नी, हे सांगताना मुले श्वास रोखून ऐकतात. तिथून मी थेट होरेब पर्वतावर उडी मारत असे, कारण वारा, भूकंप, अग्नी आणि त्यांच्यामागून आलेली मंद वाणी यांवर प्रवचन छान रंगते. मधली पाच वचने मी नेहमी घाईत उरकत आलो. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला, बैर-शेब्यात चाकराला मागे ठेवून एकटाच रानात शिरलेला हा माणूस झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो, तेव्हा देव त्याला एक शब्दही सुनावत नाही. तो झोपतो. दूत त्याला स्पर्श करतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच सांगतो, ऊठ, खा, तुला लांब जायचे आहे. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न यायला अजून 40 दिवस आणि 40 रात्री आहेत. आम्ही मात्र तो प्रश्न दारात पाऊल टाकताच विचारतो.

तुमच्या आधी आमच्याकडे पंचकमिटीचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी, दोघे येऊन गेले होते. मी चार रविवार उपासनेला दिसलो नाही, याची चौकशी करायला. त्यांनी पाणी घेतले, चहा नको म्हणाले, आईच्या खोलीत डोकावलेही नाहीत आणि निघताना एकाने मला धीर दिला की देव सोसण्यापलीकडे परीक्षा पाहत नाही. वचन पौलाने करिंथकरांच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले, दहाव्या अध्यायातले तेरावे. त्यांच्याशी वाद घालण्याचे त्राण तेव्हा नव्हते, म्हणून आता लिहितो. ते वचन मोहाविषयी आहे. त्याच्या आधी रानात मूर्तीमागे लागलेल्या इस्राएलाची हकिकत आहे आणि त्याच्या लगेच पुढे मूर्तिपूजेपासून पळा अशी ताकीद आहे. माणसाला झेपेल तेवढेच दुःख देव देतो, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट, तोच पौल त्याच मंडळीला दुसऱ्या पत्राच्या आरंभी कळवतो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचे ओझे पडले, इतके की जगण्याचीही आशा सुटली. शक्तीपलीकडचे, हे पौलाने स्वतःबद्दल लिहिले आहे. ते वाचल्यावर मला माझा अविश्वास थोडा कमी लाजिरवाणा वाटला.

अर्थात हा राग मला फार शोभत नाही. मीही कित्येक घरांत असाच जाऊन आलो आहे. मंडळीतल्या एका भावाचा तरुण मुलगा गेला तेव्हा मी त्याच्यासमोर रोमकरांस पत्रातले आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे, म्हटले होते आणि वेळेवर योग्य वचन आठवले म्हणून मनातून खूश झालो होतो. त्याच्या घरी चूल पेटली आहे का, हे मी पाहिले नाही. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो आणि त्याची माफी मागितली.

तुमच्या आजी पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या, असे तुम्ही एकदा भाजी निवडता निवडता सांगितलेत. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यांतल्या त्या एक. त्याच रमाबाई पुढे वर्षानुवर्षे हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या. मला तुमच्या घराण्याची रीत तिथूनच आलेली दिसते: आधी ताट आणि मग ग्रंथ, पण दोन्ही तितक्याच मनापासून.

आणखी एक गोष्ट फक्त तुम्हाला ठाऊक होती, ती आता मीच उघड करतो. आईने लवकर डोळे मिटावेत अशी प्रार्थना मी केली होती, आणि ती तिच्या सुटकेसाठी कमी व माझ्या झोपेसाठी जास्त होती. मी हे सांगितले तेव्हा तुमच्या हातातली लसूण सोलायची थांबली नाही. ‘एलीयानेही तेच मागितलं होतं,’ एवढेच तुम्ही म्हणालात. पुढे त्याच अध्यायात ‘मीच एकटा उरलो’ असे तो दोनदा म्हणतो आणि त्याला उत्तर मिळते की बालापुढे गुडघे न टेकलेले 7000 अजून आहेत. माझे सात हजार म्हणजे तुम्ही पाठवलेल्या महिला मंडळाच्या चार बाया. त्यांनी आळीपाळीने रात्री वाटून घेतल्या. त्यांतल्या दोघींना मी तोवर नावानेही ओळखत नव्हतो.

आत्मिक वाढ म्हणजे किती वाचन झाले, असा माझा हिशेब होता. 66 पुस्तके, 1189 अध्याय; वर्षात बायबल संपवण्याचा तक्ता मी चार वेळा पूर्ण केला आणि संडे स्कूलच्या भिंतीवर लावलाही. तो तक्ता अजून तिथेच आहे, वाईट काही नाही त्यात. फक्त या महिन्यात मी मुलांना एलीया पुन्हा शिकवणार आहे आणि कर्मेलचा डोंगर एका रविवारात आटोपून झुडपाखालच्या पाच वचनांना दोन रविवार देणार आहे.

तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत करू नये असे आईनेच लहानपणी शिकवले होते, आणि त्यात घालण्याजोगे काही मला अजून धड करता येत नाही. भाकरी थापायला शिकतो आहे. सध्या तव्यावर टाकताना कडेने फाटते. जमली की घेऊन येतो.

आपला,
तुम्ही झोपवलेला संडे स्कूलचा मास्तर